झाकली मूठ

साताऱ्यातील आमच्या घरी, बैठकीच्या खोलीत खिडकीखालच्या मेजावर, एक संगणक आहे. तो कोणा एकाचा नाही. सकाळी माझी भावजय त्यावर शिवणाचे नमुने शोधते. दुपारी मी माझी टिपणे लिहितो. संध्याकाळी पुतण्या महाविद्यालयाचा अभ्यास करतो आणि पुतणी चित्रे रंगविते. तळमजल्यावरील बिऱ्हाडकरूंचा मुलगाही परीक्षांचे अर्ज भरण्यासाठी अधूनमधून वर येतो. माजघरातील पाण्याच्या माठासारखी ती वस्तू सर्वांची. कळ दाबावी, पडदा उजळावा आणि कामास लागावे. नाव नाही, परवलीचा शब्द नाही, असा आमचा २०१९ सालच्या आरंभापर्यंतचा खाक्या होता.

२०१८ साली माझ्या पत्नीस कर्करोग झाला. औषधोपचाराने डोक्यावरचे केस गेले, चेहरा सुजला, हातांच्या कातडीवर काळे चट्टे उठले. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, की दर आठवड्यास डोक्याची, चेहऱ्याची व हातांची छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे पुढील भेटीत ती एकमेकांशी ताडून पाहता येतील. त्याप्रमाणे मी फोनवर छायाचित्रे काढीत असे व संगणकात उतरवून घेत असे. ती कोणाच्या दृष्टीस पडू नयेत, अशी तिची इच्छा होती. ती तिने एकदाच बोलून दाखविली, आणि मीही तिला "निर्धास्त राहा," असे सांगितले. संगणकातील चित्रांच्या फोल्डरात मी आणखी एक फोल्डर केला, त्यास 'जमाखर्च २०१८' असे अत्यंत रूक्ष नाव दिले आणि सारी छायाचित्रे त्यात ठेविली. जमाखर्च उघडून पाहण्याची हौस कोणास असणार?

जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवास घरी पंचवीस-तीस बायका जमल्या होत्या. पत्नीची प्रकृती सुधारत चालली होती. डोक्यावरून पदर घेऊन ती प्रथमच चारचौघींत बसली होती. संगणक चालू होता, पण बराच वेळ त्याला कोणाचा हात लागला नव्हता. अशा वेळी पडद्यावर आपोआप एकामागून एक चित्रे झळकावीत, अशी योजना पुतण्याने दिवाळीत मोठ्या हौसेने करून ठेविली होती. तिला स्क्रीनसेव्हर म्हणतात. गणपतीची आरास दिसली, प्रतापगडची सहल दिसली, पुतणीचा वाढदिवस दिसला. बायका कौतुकाने पाहू लागल्या. आणि मग सगळा पडदा भरून पत्नीचे केस नसलेले डोके दिसले. त्यानंतर दुसरे छायाचित्र, त्यानंतर तिसरे. कोणीतरी धावत जाऊन पडद्यावर पंचा टाकला. पत्नी काही बोलली नाही. तिने पदर पुढे ओढला, हातातील तिळगुळाची वाटी खाली ठेविली आणि ती आत स्वयंपाकघरात निघून गेली.

"काका, मी नुसता चित्रांचा फोल्डर दाखवून दिला होता हो," पुतण्या रडवेला होऊन म्हणाला. "आत काय आहे ते मला ठाऊकच नव्हतं." त्याचे म्हणणे खरे होते. संगणकानेही काही आगळीक केली नव्हती. त्यास चित्रे दाखवावयास सांगितले होते, ती त्याने दाखविली. चूक माझी होती, आणि ती नेमकी कोणती हे समजून घेण्यासाठी या निवृत्त मुख्याध्यापकाला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. मुलांनो, त्या अभ्यासात जे हाती लागले, ते येथे सांगतो.

मी छायाचित्रे लपविली होती. कुलपात ठेविली नव्हती. जुन्या घरांच्या जाड भिंतींत कोनाडे असत. त्यांत वस्तू ठेवून पुढे एखादी तसबीर टांगली, की येणाऱ्याजाणाऱ्यास काही दिसत नसे. पण तसबीर झाडावयास घेणाऱ्याच्या हाती ती वस्तू सहज येई. संगणकातील माझा फोल्डर म्हणजे असाच कोनाडा होता. शिवाय तसबिरीने माणूस फसतो, संगणक फसत नाही. माणूस नाव वाचून आत काय असेल याची अटकळ बांधतो; संगणक आतील वस्तूच पाहतो. 'जेपेग' या पद्धतीने साठविलेल्या प्रत्येक छायाचित्राच्या आरंभी काही ठराविक खुणा असतात; संगणकाच्या षोडशमान अंकलेखनात त्या एफएफ, डी८, एफएफ अशा लिहितात. फाइलीचे नाव बदला, नावामागचे शेपूट बदलून छायाचित्राऐवजी पत्र असल्याचे सोंग आणा, तरी आरंभीच्या या खुणा बदलत नाहीत, आणि चित्रे धुंडाळणाऱ्या कित्येक आज्ञावली त्यांवरूनच चित्र ओळखून काढतात. विंडोजमध्ये फाइलीस 'लपलेली' असा शिक्का मारण्याची सोय आहे; लिनक्समध्ये नावाच्या आधी एक टिंब दिले, की फाइल सामान्य यादीत दिसेनाशी होते. पण 'लपलेल्याही फाइली दाखव' अशी एक आज्ञा दिली, की त्या पुन्हा दिसू लागतात, आणि ही आज्ञा देण्यास कोणाच्या परवानगीची गरज नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. संगणकात मात्र ती मूठ उघडावयास करंगळीही पुरते.

एका यंत्रावर अनेकांनी काम करावे, आणि तरीही प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत, ही अडचण काही आमच्याच घरची नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये एक नवी पद्धती प्रथम चालवून दाखविली. संगणक त्या काळी अतिशय महाग होते. एकाच संगणकास अनेक टंकयंत्रे जोडून, प्रत्येकापुढे एक माणूस बसवून, संगणकाचा वेळ त्या सर्वांत वाटून द्यावयाचा, अशी ती योजना होती. यंत्र एक आणि माणसे अनेक, म्हणजे प्रत्येकाच्या फाइली निराळ्या हव्यात. म्हणून प्रत्येकास एक परवलीचा शब्द देण्यात आला. आपण ज्यास आज पासवर्ड म्हणतो, त्याचा संगणकावरील वापर येथूनच रूढ होत गेला.

याच पद्धतीच्या बाबतीत १९६० च्या दशकात घडलेला एक प्रसंग कोर्बाटो यांनी पुढे स्वतः सांगितला आहे. एक अधिकारी सर्वांस दाखवावयाची त्या दिवसाची सूचना लिहीत होता, आणि त्याच वेळी दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. दोघे एकाच वेळी लिहावयास बसतील, हे लेखनाची आज्ञावली रचणाऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते. दोघांच्या कच्च्या मसुद्यांची अदलाबदल झाली, आणि मग जो कोणी संगणकावर येई, त्यास आजच्या सूचनेऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच वाचावयास मिळू लागली! हा प्रसंग वाचला, तेव्हा आमच्या हळदीकुंकवाच्या प्रसंगाचे मला थोडे कमी नवल वाटू लागले.

आजच्या प्रत्येक संगणकात ही सोय असते. घरातील प्रत्येकासाठी निराळे खाते उघडता येते आणि त्याला निराळा पासवर्ड लाविता येतो. मग संगणक सुरू होताच प्रथम 'कोण?' असे विचारतो. एका खात्यातून कामास बसलेल्यास दुसऱ्याच्या खात्यातील कागदपत्रे व चित्रे उघडता येत नाहीत. कोणी तसा प्रयत्न केलाच, तर संगणक नकार देतो. पण ही भिंत सर्व बाजूंनी सारखी उंच नाही. पुष्कळ घरांत संगणकाच्या साठवणीचे दोन भाग केलेले असतात, आणि दुसऱ्या भागात, म्हणजे ज्याला सर्वजण डी ड्राइव्ह म्हणतात त्यात, छायाचित्रे साठविण्याची रीत असते. तो भाग बहुधा सर्व खात्यांस खुला असतो. तेथे ठेविलेल्या फाइलीस आपल्या खात्याच्या पासवर्डाचा काडीचाही उपयोग होत नाही. दुसरे असे, की खात्यांतही एक थोरले खाते असते. त्यास प्रशासकाचे खाते म्हणतात. वाड्याच्या कारभाऱ्याकडे जशा सर्व खोल्यांच्या किल्ल्या असत, तशी या खात्याची सत्ता सर्वांवर चालते. म्हणून ते घरातील एका जबाबदार माणसाकडे असावे, आणि त्यानेही आपले नित्याचे काम साध्या खात्यातूनच करावे.

तिसरी उणीव सर्वांत नित्याची, आणि ती यंत्राची नाही. आपले काम अर्धवट टाकून आपण जेवावयास उठतो आणि खाते तसेच उघडे राहते. दार सताड उघडे टाकून कुलूप खिशात घालून हिंडणाऱ्यासारखे हे झाले. विंडोजमध्ये खिडकीचे चिन्ह असलेली कळ व इंग्रजी 'एल'ची कळ एकदम दाबली, की पडदा तत्काळ बंद होतो आणि पुन्हा पासवर्ड मागतो. उठताना एवढे करण्याची सवय हातास लावून घ्यावी.

आता खात्याची भिंत कोठे संपते, ते पाहू. संगणकाच्या पोटात हार्डडिस्क असते. सारी चित्रे, सारे लेखन त्या तबकडीवर असते. ती काढून दुसऱ्या संगणकास जोडली, तर तो दुसरा संगणक आपल्या खात्याचा पासवर्ड विचारीतही नाही. दारावरचा पहारेकरी दारातच राहिला आणि कोणी भिंत फोडून पेटी उचलून नेली, असा तो प्रकार. जुना संगणक दुरुस्तीस देताना किंवा विकताना याचा विसर पडू देऊ नये. पेटी उचलून नेली तरी आतील ऐवज हाती लागू नये, यासाठी काही करता येईल काय?

येथे मला आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातील एक गोष्ट आठवते. महानुभाव पंथीयांनी आपले अनेक ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. त्यांतील सकळ लिपी ही विशेष प्रसिद्ध आहे. देवनागरीतील अमुक अक्षराच्या जागी अमुक चिन्ह लिहावयाचे, असा तिचा संकेत. पोथी कोणाच्याही हाती पडो. संकेत ठाऊक नसलेल्यास पाने दिसत, अक्षरे दिसत, पण अर्थ मात्र लागत नसे. मराठीचे जुने गद्य या पोथ्यांत सुरक्षित होते, आणि तरी विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांच्या हाती या लिप्यांची किल्ली येईपर्यंत बाहेरच्या जगास त्याचा पत्ता नव्हता. लपविणे आणि कूट करणे यांतील भेद यावरून स्पष्ट होतो. लपविलेली वस्तू सापडली, की संपले. कूट केलेली वस्तू सापडली, तरी ती वाचता आली पाहिजे.

मात्र सकळ लिपीत एक कच्चा दुवा होता. संकेत एकदा उमगला, की एक पोथी नव्हे, त्या लिपीतील सर्वच पोथ्या उघडत. शिवाय मराठीत काही अक्षरे इतरांहून पुष्कळ अधिक वेळा येतात. कोणते चिन्ह किती वेळा आले हे चिकाटीने मोजीत गेल्यास संकेत न सांगताही उलगडू शकतो. आजच्या कूटपद्धती याहून फार पुढे गेल्या आहेत. योआन डेमेन व व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियममधील दोघा तज्ज्ञांनी रचलेली पद्धती अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. तिला एईएस असे म्हणतात, आणि आज ती जगभर वापरात आहे. तिच्यातील आश्चर्य असे, की ती मुळीच गुप्त नाही. अक्षरांची उलथापालथ कोणत्या पायऱ्यांनी करावयाची, हे छापून प्रसिद्ध झालेले आहे, कोणीही वाचावे. गुप्त असते ती केवळ प्रत्येकाची किल्ली. कुलूप कसे बनते हे साऱ्या गावास ठाऊक असले, तरी किल्लीवाचून ते उघडत नाही, अशा तोलाचे हे काम आहे.

ही पद्धती घरी कशी वापरावी? व्हेराक्रिप्ट नावाची एक विनामूल्य आज्ञावली आहे. तिच्या साहाय्याने संगणकात एक 'पेटी' तयार करता येते. बाहेरून ती एक अवाढव्य फाइल दिसते आणि आत निरर्थक अक्षरांचा कचरा. योग्य परवली दिली, की तीच फाइल एखाद्या नव्या पेनड्राइव्हसारखी उघडते. तीत छायाचित्रे ठेवावीत, पाहावीत, आणि काम झाले की पेटी मिटावी. मिटली, की पुन्हा कचरा. पेटी उघडी असेपर्यंत मात्र त्या यंत्रावर बसणाऱ्या कोणासही ती उघडीच असते, हे विसरू नये. संपूर्ण हार्डडिस्कच कूट करण्याचीही सोय असते. विंडोजमधील बिटलॉकर त्याचसाठी आहे. संगणक चोरीस गेला, तर त्याचा फार उपयोग. पण एकदा संगणक सुरू झाला, की डिस्क सर्वांसाठीच उघडते. एकाच यंत्रावर काम करणाऱ्या घरच्या माणसांपासून तिने आपले काही वेगळे राहत नाही. चोराचे कुलूप निराळे आणि शेजघराचे निराळे. दुकानदार पुष्कळदा या दोहोंत गफलत करतात, आणि गिऱ्हाईकही ती पदरात पाडून घेते.

कुलूप केवढेही भक्कम असो, किल्ली पोकळ असेल तर काय उपयोग? येथे थोडे गणित करून पाहा. चार अंकी परवलीचे दहा हजार प्रकार होतात. संगणकास ते सारे लावून पाहण्यास फारसा वेळ लागत नाही. इंग्रजी लहान लिपीतील आठ अक्षरे घेतली, तर प्रकारांची संख्या सुमारे २०,८८३ कोटी होते. ही फार मोठी वाटते, पण वेगवान यंत्रापुढे ती टिकत नाही. त्यात आणखी चारच अक्षरे वाढवा. संख्या ४,५६,९७६ पटींनी वाढून सुमारे ९५४ कोटी कोटींवर जाते. म्हणून परवली चमत्कारिक करण्यापेक्षा लांब करण्यात अधिक हशील आहे. परस्परांशी काही संबंध नसलेले पाचसहा शब्द एकापुढे एक लिहिले, तर ते लक्षात राहतात आणि ओळखता येत नाहीत. जन्मतारीख, घरातील मुलाचे नाव, कुलदैवत, गाडीचा क्रमांक ही परवली नव्हे. ज्यांच्यापासून छायाचित्र जपावयाचे, त्यांना नेमके हेच आधी ठाऊक असते.

आणि परवली विसरली तर? तर छायाचित्रे गेली. खात्याचा पासवर्ड विसरल्यास कारभारी तो बदलून देऊ शकतो. कूटाचा शब्द विसरल्यास जगात कोणीही काही करू शकत नाही. हा या कुलपाचा दोष नव्हे, हाच त्याचा गुण आहे. शिवाय मिटलेली पेटी दुसऱ्यास वाचता येत नसली, तरी पुसून टाकता येते. पोरांच्या हातून नकळतही पुसली जाते. महानुभावांचाच दाखला पुन्हा देतो. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धामधुमीच्या काळात नाहीशी झाली आणि पुढे ती स्मरणाने पुन्हा सिद्ध करावी लागली, असे परंपरा सांगते. छायाचित्र कोणास मुखोद्गत नसते. म्हणून मिटलेल्या पेटीची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. प्रतही कूटच असल्यामुळे ती हरवली तरी भीती नाही. परवली कागदावर लिहून तो कागद घरातील खऱ्या कुलपात ठेविण्यास मी कमीपणा मानीत नाही. संगणकाखाली चिकटवून ठेविलेली चिठ्ठी मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तीही एका शहाण्या गृहस्थाच्या घरी.

आतापर्यंत आपण एका छायाचित्राविषयी बोललो. खरी अडचण अशी, की छायाचित्र एक कधीच नसते. माझेच पाहा. पहिली प्रत माझ्या फोनात होती. फोनमधील छायाचित्रे आपोआप दूरच्या साठवणीत जाऊन बसतात, अशी योजना त्यात आधीपासून चालू होती. ती दुसरी प्रत. फोनवरून संगणकावर आणताना मी ती व्हॉट्सॲपने स्वतःसच पाठविली होती, ती तिसरी. उतरवून घेतलेल्या फाइली 'डाउनलोड' नावाच्या फोल्डरात पडल्या होत्या आणि तेथून मी त्यांची नक्कल केली होती, म्हणजे चौथी. फोल्डर उघडताच चित्रांचे चिमुकले नमुने झरझर दिसतात ना? ते चटकन दिसावेत म्हणून विंडोज व लिनक्स त्यांचा एक निराळा साठा करून ठेवतात, आणि मूळ चित्र पुसले तरी हा चिमुकला नमुना त्या साठ्यात मागे राहू शकतो. ही पाचवी. मी एका ठिकाणी फोल्डरास खोटे नाव देऊन स्वस्थ झोपत होतो, आणि चार ठिकाणी दारे उघडी होती.

पुसण्याची गोष्टही अशीच. फाइल पुसली, की ती आधी संगणकाच्या कचरापेटीत जाते, हे तुम्हांस ठाऊक असेल. पण ती पेटी रिकामी केली म्हणजे चित्र नष्ट झाले, असे मात्र नाही. ग्रंथालयातील पुस्तकाचे यादीपत्र फाडून टाकले, म्हणून पुस्तक फळीवरून नाहीसे होत नाही. फक्त ती जागा 'मोकळी' म्हणून नोंदली जाते, आणि तेथे दुसरे पुस्तक येईपर्यंत जुने तेथेच असते. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कवर हेच घडते. फोटोरेक नावाची आज्ञावली अशी पुसलेली छायाचित्रे, त्यांच्या आरंभीच्या त्याच खुणा शोधून, पुन्हा वर काढते. ज्यांची चित्रे चुकून पुसली गेली, त्यांना ती कल्पवृक्षच वाटते. नव्या धर्तीच्या एसएसडी साठवणीत मोकळी झालेली जागा बहुधा लवकरच खरोखर साफ केली जाते, तरी त्यावर विसंबून राहू नये. यासाठी साधा उपाय आहे: खाजगी छायाचित्र आधी उघड्यावर ठेवून मग पेटीत हलविण्यापेक्षा, पेटी आधी उघडावी आणि फोनला तार जोडून चित्र थेट पेटीतच उतरवावे. जे उघड्यावर कधी पडलेच नाही, ते पुसावेही लागत नाही.

शाळेतील प्रयोगशाळेचा किंवा बाजारातील संगणक केंद्राचा संगणक असेल, तर वरील सारी चर्चा व्यर्थ आहे. त्या यंत्राचे थोरले खाते दुसऱ्याच्या हाती असते, आणि आपण दाबलेली प्रत्येक कळ टिपून घेणारी आज्ञावली त्यात बसविलेली नाही, याची खात्री आपण देऊ शकत नाही. तेथे खाजगी छायाचित्र उघडूच नये. काही मुले सांगतात, की "आम्ही गुप्त खिडकी उघडून काम करतो." त्या खिडकीने आपण कोठे कोठे गेलो याची नोंद त्या यंत्रावर राहत नाही, एवढेच, उतरवून घेतलेली फाइल खिडकी मिटल्यावरही जागच्या जागी असते. व्हॉट्सॲप उघडले असल्यास उठण्यापूर्वी ते त्या यंत्रावरून बंद केले पाहिजे. आणि तसे करावयाचे राहिले, तर घरी येऊन फोनमधील जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून ते यंत्र काढून टाकता येते.

कोणी म्हणेल, की ज्याने काही वावगे केले नाही, त्याने एवढे जपावे कशास? माझ्या पत्नीने काय वावगे केले होते? आजारी पडणे हा गुन्हा नाही. जखमेचे, न्हाणीघरातील बाळाचे, रडवेल्या चेहऱ्याचे छायाचित्र दडवावयाचे, ते लाज वाटावी म्हणून नव्हे. ते कोणी पाहावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा असतो म्हणून. १८९० मध्ये अमेरिकेत सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन विधिज्ञांनी खाजगीपणाच्या हक्कावर एक लेख लिहिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे इतर गोष्टींबरोबर झटपट छायाचित्रे टिपणारे नवे कॅमेरे आणि ती छापणारी वर्तमानपत्रे होती. म्हणजे छायाचित्र हातोहाती झाले, आणि हा प्रश्न उभा राहिला. आपल्या देशात निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे.

या हक्काची दुसरी बाजू तुमच्याकडे येते. सामाईक संगणकावर दुसऱ्याचे खाते चुकून उघडे राहिलेले दिसले, तर ते बंद करावे. आत डोकावू नये. आणि कोणी तुमच्याच छायाचित्राच्या जोरावर तुम्हांस भेडसावू लागला, पैसे किंवा आणखी काही मागू लागला, तर त्याचे ऐकू नये व ते मनातही ठेवू नये. आई, वडील, शिक्षक, ज्यांच्यावर विश्वास असेल त्यांना त्याच दिवशी सांगावे. बालकांसाठी १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही आहे. अशा प्रसंगी तुम्ही अपराधी नसता, भेडसावणारा असतो. मुख्याध्यापक असताना मी अशी मुले पाहिली आहेत, जी महिनामहिना गप्प राहिली आणि खंगत गेली. ती आधी बोलती झाली असती, तर काम किती सोपे होते, हे आठवून मला आजही चुटपुट लागते.

आमच्या घरी फेब्रुवारी २०१९ मध्ये संगणकावर प्रत्येकाचे खाते झाले. पुतण्याने एका रविवारी बसून ते केले, आणि बिऱ्हाडकरूंच्या मुलासाठीही एक साधे खाते उघडले. स्क्रीनसेव्हरच्या जागी आता कोरा काळा पडदा असतो. फोनातील, व्हॉट्सॲपमधील, डाउनलोडमधील आणि दूरच्या साठवणीतील प्रती मी एकेक करून शोधल्या. त्यास तीन दिवस लागले. पत्नी आठवडाभर त्या मेजाकडे फिरकली नव्हती. एका दुपारी घर निजलेले असताना ती येऊन शेजारी बसली.

"अहो, डॉक्टरांना लागतील तेवढीच ठेवा," ती म्हणाली. "कोणती ते मी सांगते."

तिने एकेक छायाचित्र पाहिले. काहींपाशी थांबली. एका ठिकाणी, "अगबाई, किती बारीक झाले होते मी!" असे म्हणून ती हसली. शेवटी तिने अकरा ठेविली आणि बाकीची मला पुसावयास लाविली. मग पेटी तयार करताना आज्ञावलीने परवली विचारली.

"तिकडं तोंड करा," ती म्हणाली.

मी खिडकीकडे तोंड करून बसलो. कळांचा आवाज बराच वेळ येत होता. परवली लांब असावी. नंतर तिने ती एका कागदावर लिहिली, कागद पाकिटात घालून पाकीट खळीने चिकटविले, आणि आपल्या लोखंडी कपाटात साड्यांच्या घड्यांखाली ठेवून दिले. प्रतीचा पेनड्राइव्हही तेथेच आहे. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असते.